कडुनिंबाचं बेचकं

मी खडा विहिरीत सोडला आणि मोजू लागलो. एक. दोन. दोनला खालून आवाज आला, दगडावर दगड आपटल्याचा. पाण्याचा नव्हे.

“दहा परस,” मी म्हणालो. “आन् कोरडी ठणठणीत.”

“परस म्हणजे किती, मामा?” जावईबापूंनी विचारलं. ते मोबाइलवर माझं चित्रीकरण करत होते.

“माणूस हात वर करून हुबा ऱ्हायला की एक परस.”

विहिरीचं बांधकाम देखणं होतं. हिरवट दगड, चुना न घालता एकावर एक बसवलेला. मी काठाजवळची चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली, थुंकली. मग पलीकडं जाऊन उघड्या पडलेल्या खडकाचे थर कुठल्या अंगाला उतरतात ते वाकून बघितलं. जावईबापू मागोमाग येऊन त्या खडकाचंही चित्र घेत होते. माझी ही जुनी खोड. कुठल्याही गावात गेलो तरी माणसं देऊळ बघतात, मी विहीर बघतो.

तेवढ्यात चर्चची घंटा वाजायला लागली. प्रार्थनेची वाटली नाही, घाईघाईची होती. आमचा ड्रायव्हर एवारिस्तो टोपी हातात धरून पळत आला आणि माझ्या मुलीला काहीतरी म्हणाला. वैजूचा चेहरा उतरला.

“आबा, विहिरीत काय टाकलंत?”

“खडा.”

“कशाला पण!”

मी बघितलं तर गावाच्या वेशीवरच्या कमानीत दोघं जण साखळी ओढत होते. चांगली जाड, ट्रकला लावतात तसली. मधोमध कुलूप लागलं. आमची गाडी साखळीच्या आत होती.

ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सहासष्टचा होतो. वैजू मेक्सिकोत एका कारखान्यात इंजिनियर होती, जावईबापू घरी बसून लॅपटॉपवर काम करायचे, आणि त्यांना नऊ महिन्यांची मुलगी होती, चिमी. माझ्या बायकोला, चतुराबाईला, गुडघ्यांमुळं विमान झेपणारं नव्हतं, म्हणून मी एकटाच आटपाडीहून तिथवर गेलो. त्यांनी मला ओआहाका नावाचं जुनं शहर दाखवायला नेलं. चार दिवसांत पुष्कळ बघितलं. सगळं छत सोन्यानं मढवलेलं चर्च बघितलं. डोंगराचं शिखर तासून सपाट केलेलं हजारो वर्षांपूर्वीचं नगर बघितलं. तिथं सगळे पायऱ्या मोजत होते, आणि मी वैजूला विचारत होतो, की एवढी माणसं वर राहायची तर पाणी कुठनं आणायची? तिनं फलक वाचून सांगितलं, पावसाचं साठवायची. मला बरं वाटलं. आमच्यासारखीच माणसं.

चौथ्या दिवशी डोंगरातलं सान आंब्रोसिओ नावाचं गाव बघायचं ठरलं. तिथं घायपातासारख्या झाडाचे कांदे जमिनीतल्या भट्टीत भाजून दारू काढतात, ती भट्टी जावईबापूंना बघायची होती. रस्ता वळणांचा, चिमीला आदल्या दिवशी गाडी लागली होती. म्हणून वैजूनं तिला जिथं उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाईंकडं ठेवलं. दोन वेळचं दूध काढून बाटल्यांत भरून दिलं आणि सांगितलं, दोनपर्यंत येतो.

साखळी लागली तेव्हा साडेअकरा झाले होते.

आम्हाला गावच्या कचेरीत नेलं. हात कुणी लावला नाही. हातात गुळगुळीत काठ्या घेतलेले चार राखणदार पुढंमागं चालत होते, एवढंच. गाडीची किल्ली एवारिस्तोनं आपण होऊन काढून दिली. एक लांब खोली, भिंतीला टेकून बाकं, वर कुठल्यातरी संताची तसबीर. टेबलामागं एक साठीची बाई बसली होती. पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या, त्यांत हिरवी फीत. तिला सगळे दोन्या ओफेलिया म्हणत होते. दोन्या म्हणजे आपलं ‘बाई’ म्हणतो तसं. गावच्या पाणी समितीची ती प्रमुख.

ती बोलायची आणि वैजू मला सांगायची. दिवसभर सगळं असंच चाललं, तेव्हा मी इथं तिचं बोलणं सरळ लिहितो.

“तुम्ही कुठल्या कंपनीची माणसं?”

“कंपनीची नाही. फिरायला आलोय,” वैजू म्हणाली.

“फिरायला आलेली माणसं माती खातात?”

बाकांवरची माणसं हसली. दोन्या ओफेलिया हसली नाही.

“दोन वर्षांमागं असेच तिघं आले होते. गळ्यात कॅमेरे. विहिरीत खडा टाकला, मोजलं, माती बघितली. आम्ही त्यांना जेवू घातलं. सहा महिन्यांनी खालच्या खोऱ्यात बागायतदारांचं बोअर पडलं आणि आमची विहीर आटली. आता आमच्या बायका दोन तास खाली उतरून पाणी आणतात. हा म्हातारा खडा टाकून मोजतो, हा पोरगा चित्र घेतो. आणि मी म्हणू, फिरायला आलेत?”

“तिला सांग, मी न्हाई तसला,” मी वैजूला म्हणालो.

“सांगितलं, आबा. ती म्हणते तेसुद्धा हेच म्हणाले होते.”

“मग आता?”

“उद्या गावसभा आहे. सभेला उत्तर द्यायचं आणि मग जायचं.”

“उद्या!” जावईबापू उठून उभे राहिले. त्याबरोबर दारातले दोघं राखणदारही उठले. जावईबापू बसले.

वैजूनं चिमीचं सांगितलं. तिचा आवाज मला ठाऊक आहे, ती लहानपणीही रडायच्या आधी फार नीट, एकेक शब्द तोडून बोलायची, तशी बोलली. दोन्या ओफेलियानं तिच्याकडं बघितलं.

“तुला नाही अडकवत. तू जा. पण चालत गेलीस तर चार तास, आणि खाली गाडी मिळेलच असं नाही. गावातला ट्रक बाजाराला गेलाय, तो संध्याकाळनंतर येईल. तो तुला सोडेल. गाडी आणि हे दोघं इथं राहतील.”

वैजू गेली असती तर आमची बाजू मांडायला कुणी उरलं नसतं, आम्हा दोघांना तिथली भाषा यायची नाही. ती माझ्याकडं बघायची, नवऱ्याकडं बघायची आणि मोबाइल खिडकीबाहेर धरून रेंज शोधायची. रेंज नव्हती.

मग जेवण आलं. हे मला आजही नवल वाटतं. आम्हाला कोंडून घातलं होतं आणि त्याच हातांनी वाढत होते. मक्याच्या भाकरी, आपल्या भाकरीची धाकटी बहीण म्हणावी अशा, काळ्या घेवड्याची आमटी आणि लाल मिरचीचा ठेचा. पाणी मात्र एकेकाला एकच पेला, तोही मोजून अर्धा.

एवारिस्तो पोटभर जेवला. “काळजी करू नका,” तो म्हणाला, “मागं एका सरकारी माणसाला यांनी तीन दिवस ठेवलं होतं. जाताना त्याची विजार कमरेला बसेना.”

कुणी हसलं नाही. वैजूनं घास घेतला नव्हता. दीड वाजला तसा तिनं खांद्यावरची शाल पुढं ओढून छातीवर गच्च धरली. शालीखालून ओल दिसत होती. मी तोंड फिरवून त्या संताच्या तसबिरीकडं बघत बसलो. खोलीला खिडकी एकच, तिला गज. बाहेर उन्हात साखळी दिसत होती. मी कडेवर नात घेऊन अंगणात फिरणारा माणूस, आणि माझ्या एका खड्यापायी ती तिकडं उपाशी रडणार होती.

तेव्हा जावईबापूंच्या डोक्यात ते आलं.

“वैजू, यांना खरं काय ते सांग ना. मामा पाणाडे आहेत. पाणी दाखवतात. म्हणून विहीर बघत होते.”

“जावईबापू, गप बसा,” मी म्हणालो.

“अहो, खोटं थोडंच आहे?”

“म्या ते सोडलंय. बावीस वर्सं झाली.”

“सोडलं असलं तरी होताच ना!”

मी वैजूकडं बघितलं. पण ती एका हातानं शाल धरून आधीच बोलायला लागली होती. काय बोलत होती ते तिच्या हातावरून मला कळत होतं. तिनं दोन बोटं फाकवून बेचकं करून दाखवलं. मग माझ्या पायांकडं बोट केलं.

मी पायाळू. आईच्या पोटातून माझे पाय आधी बाहेर आले. आमच्या भागात समजूत आहे, की पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं. मी चालायला लागलो तेव्हापासून लोक माझ्या तोंडाकडं न बघता पायाकडं बघायचे. विसाव्या वर्षापासून मी कडुनिंबाचं बेचकं, म्हणजे दोन फाट्यांची काठी, हातात धरून माण-आटपाडीतली शेतं तुडवली. दीडशेच्या वर विहिरी माझ्या शब्दावर पडल्या. आणि त्यांतल्या पुष्कळांना पाणी लागलं.

खोलीतला आवाज बदलला. बाकावरची माणसं पुढं सरकली. दोन्या ओफेलिया टेबलामागून उठून माझ्यासमोर आली आणि तिनंही आधी माझ्या पायाकडं बघितलं.

“आमच्यातही असायचे असे,” ती म्हणाली. “शेवटचा गेला त्याला नऊ वर्षं झाली.” मग वैजूला म्हणाली, “तुझा बाप खरा असेल तर त्यानं दाखवावं. त्यानं दाखवलं की मला सभेची गरज नाही. कुलूप मी काढते.”

वैजूचा चेहरा उजळला. मला मात्र त्या खोलीच्या भिंती तेव्हा पहिल्यांदा जवळ आल्यासारख्या वाटल्या.

चर्चच्या मागं दोन्या ओफेलियाची जमीन होती. तिथं आधीच एक खड्डा घेतलेला होता, परसभर खोल. तिचा मुलगा नेमेसियो त्यात उभा होता, तिशीचा, रुंद खांद्यांचा, पहार हातात. आम्हाला बघून तो वर आला आणि त्यानं हात पुसून माझ्याशी हात मिळवला. त्याच्या तळव्याला फोड आले होते आणि फुटून वाळले होते.

“इथंच खणायचं म्हणतोय,” दोन्या ओफेलिया म्हणाली. “तू नुसतं सांग, की बरोबर आहे.”

कुणीतरी झाडाचं बेचकं तोडून आणलं. कडुनिंबाचं नव्हतं ते, पण हातात बसलं. बावीस वर्षांनी. अर्धा गाव कुंपणाला उभा होता.

मी चप्पल काढली आणि चालायला लागलो.

आता खरं ते लिहितो. बेचक्याला काही कळत नाही. पायालाही नाही. मला जे कळायचं ते डोळ्यांना कळायचं. वारूळ कुठं आहे, उंबर कुठं आहे, उन्हाळ्यात कुठलं झाड हिरवं राहतं, खडक कुठल्या अंगाला उतरतो, सकाळी धुकं कुठं बसतं. हे मी तीस गावं पायी फिरून शिकलो होतो. पण नुसतं तेवढं सांगितलं तर कुणी ऐकत नसे. लोकांना काठी फिरलेली बघायची असायची. म्हणून मी आधी जागा हेरायचो आणि मग तिथं काठी फिरवायचो. मनगट जरासं आत वळवलं की बेचकं आपोआप खाली जातं. बघणाऱ्याला दिसत नाही. ते पाप मला कधी वाटलं नाही.

त्या जमिनीत मी इकडून तिकडं दोनदा चाललो. खडकाचे थर चर्चपासून पलीकडं, नाल्याकडं उतरत होते. खड्ड्यात खाली काळा पत्थर उघडा पडलेला, त्याला एक भेग नव्हती. आणि नाल्याच्या पलीकडं, जिथं बाकी सगळं वाळून गेलं होतं, तिथं एका ओळीत चार झाडं हिरवीगार उभी होती. आंधळ्यालाही दिसावं. पाणी होतं तर तिकडं होतं. इथं वीस परस गेलं तरी नव्हतं.

मी नेमेसियोच्या खड्ड्याशी येऊन थांबलो.

वैजू माझ्या खांद्याशी आली. ओठ न हलवता म्हणाली, “आबा, दाखवा.”

“हितं न्हाई, वैजू.”

“असो नसो. दाखवा आणि निघू. अडीच वाजलेत. चिमीचं दूध संपलं असेल.”

“ते खणतील.”

“कुणीतरी खणतंच आहे ना? तुम्ही नाही म्हणालात तरी खणणारच आहेत. आबा, मी पाया पडते.”

ती माझ्या हाताला धरून उभी होती, तिच्या अंगाला दुधाचा वास येत होता. दोन्या ओफेलिया कुंपणाला टेकून उभी होती, एक हात कपाळावर धरून, उन्हाकडं बघावं तशी माझ्याकडं बघत. तसं उभं राहिलेलं एक माणूस मी आधी बघितलं होतं. माझं मनगट आत वळायला लागलं. मी वळवत नव्हतो. सवय होती, ती वळवत होती.

मी बेचकं जमिनीवर टाकून दिलं.

“सांग तिला. हितं पाणी न्हाई. आसलंच तर नाल्याच्या पल्याड, त्या हिरव्या झाडांच्या अंगाला.”

वैजूनं सांगितलं. कुंपणावरून एकदम आरडाओरडा झाला. दोन्या ओफेलिया ताडताड चालत आली.

“ती जमीन पलीकडच्या गावाची आहे. आम्ही त्यांच्याशी बोलत नाही, माझ्या बापाच्या काळापासून नाही. हे तुला कुणी सांगितलं? कंपनीनं? आमच्यात आणि त्यांच्यात मारामारी लागली की तुम्ही मोकळे!” तिनं माझ्या पायाशी पडलेल्या काठीला लाथ मारली. “खरा पाणाड्या नाही म्हणत नाही. नाही म्हणायला पैसे खाल्लेला माणूस लागतो. घेऊन जा यांना आत. आज नाही, उद्याही नाही. आता सगळ्या सभा संपेपर्यंत.”

राखणदारांनी आमच्याभोवती कडं केलं. जावईबापू म्हणाले, “मामा, हे काय केलंत तुम्ही!” वैजूनं माझा हात सोडला होता.

“थांब,” मी म्हणालो. “वैजू, मी सांगतो ते तिला सांग. जसंच्या तसं. मधी थांबू नको.”

“आता काय सांगणार?”

“शिदूचं.”

शिदू म्हणजे चतुराबाईचा धाकटा भाऊ, वैजूचा मामा. ती दहा वर्षांची असताना तो विहीर खणताना गेला, एवढं तिला ठाऊक होतं. तिच्या मनात असं होतं, की मामा गेल्याच्या दुःखानं आबांनी बेचकं टाकलं, आणि मग रिकामे हात काय करणार म्हणून पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गाला जाऊन बसले. मीही तिला तसंच समजू दिलं होतं.

“माझ्या मेव्हण्याला विहीर पाडायची हुती,” मी म्हणालो.

वैजूनं सांगितलं.

“त्याच्या शेतात पाणी न्हवतं. भावकीच्या शेतात हुतं, बांधापल्याड. मला बघितल्या बघितल्या कळलं. पण त्यांचं बोलणं न्हवतं.”

वैजूनं सांगितलं. दोन्या ओफेलियाच्या भुवया जवळ आल्या, पण ती ऐकत होती.

“माझी बायकू बांधावर हुबी हुती. हात असा कपाळावर धरून. लई आशेनं बघत हुती. मला न्हाई म्हणवलं न्हाई. मी त्याच्याच शेतात काठी फिरवली. आपून होऊन न्हाई फिरली. मी मनगट वळवलं.”

वैजू थांबली.

“सांग,” मी म्हणालो.

“आबा...”

“सांग गं.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग माझ्यावरची नजर न काढता, हळू आवाजात, तिनं ते त्या भाषेत सांगितलं. सांगताना तिनं स्वतःचं मनगट आत वळवून दाखवलं.

“सात परसांवर त्यानं इचारलं, दाजी, काळा पत्थर लागलाय, थांबू का? मला वर आणायचा हुता त्याला. पण तोंड उघडलं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणलं, आजून दोन परस. दुसऱ्या दिवशी बाजू ढासळली. शिदूला काढायला दीड दिस लागला.”

वैजूनं तेही सांगितलं. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज राहिला नाही, नुसते ओठ हलले. तिथल्या लोकांना ते कळलं असावं, कारण कुंपणावरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. मी नेमेसियोकडं बोट केलं.

“ह्याच्यात आन् त्याच्यात मला फरक दिसत न्हाई. मला कोंडा. पण ह्याला त्या खड्ड्यात उतरवू नगा.”

दोन्या ओफेलियानं मुलाकडं बघितलं, खड्ड्याकडं बघितलं. मग तिनं वैजूला एकच प्रश्न विचारला.

“गेलेल्याचं नाव काय होतं?”

“शिदू,” वैजू म्हणाली. “माझा मामा.”

दोन्या ओफेलियानं ते नाव दोनदा म्हणून बघितलं. तिच्या तोंडात ते नीट बसेना. मग तिनं छातीवर क्रूस केला, नेमेसियोच्या हातातली पहार काढून घेतली आणि ती खांद्यावर टाकून घराकडं चालू लागली. जाताना राखणदाराला काहीतरी म्हणाली. त्यानं कमरेची कुलपाची किल्ली काढली आणि गाडीची एवारिस्तोच्या हातात दिली.

साखळी जमिनीवर पडल्याचा आवाज मी गाडीत बसल्यावर ऐकला.

डोंगर उतरताना वैजू पुढं बसली होती, मला तिचा एक कान आणि ओलसर शाल दिसत होती. मी मागं दाराला चिकटून बसलो होतो. गावातून सुटलो होतो, पण त्या गाडीतून मला कुठं उतरून जाता येत नव्हतं. ओआहाकात पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. चिमीचा आवाज जिन्यापासूनच ऐकू आला. वैजू पळत वर गेली.

पाऊण तासानं ती बाहेरच्या गच्चीत आली. चिमी तिच्या खांद्यावर झोपली होती, मधूनच हुंदका देत. वैजूनं तिला माझ्याकडं दिलं नाही, पण माझ्याशेजारी बसली.

“आईला ठाऊक आहे?”

“न्हाई.”

“मी सांगणार नाही.”

मी मान हलवली.

“तसं नाही म्हणत मी,” ती म्हणाली. “तुमचं ते बोलणं एकदा माझ्या तोंडातून गेलं. पुन्हा नाही जाणार. आईला तुम्ही सांगायचं.”

मी पंधरा दिवसांनी घरी आलो. आणखी आठ दिवस गेले. एका दुपारी चतुराबाई ओसरीवर मटकी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगायला लागलो. सान आंब्रोसिओपासून सुरुवात केली, ती विहीर, तो खडा, ती साखळी. मग शिदूच्या शेतावर आलो. मनगटावर आलो. ती निवडत राहिली. खडे एकीकडं, मटकी एकीकडं. माझं सांगून झालं तरी तिचा हात थांबला नव्हता.

“मला दिसलं हुतं,” ती म्हणाली.

“काय?”

“मनगट वळलेलं. मी तुमच्या संग चोवीस वर्सं हुते तवा. तुमची काठी कवा फिरते आन् तुमी कवा फिरवता, मला कळत न्हवतं व्हय?”

“मग बोलली का न्हाईस? त्याच येळंला?”

“बोलले असते तर शिदूनं तिथं खणलं नसतं. भावकीच्या दारात गेला असता हात जोडत. मला ते नगं हुतं.” तिनं एक खडा उचलला, बघितला, अंगणात टाकला. “सात परसाव त्यानं मलाबी इचारलं हुतं. आक्का, थांबू का? मी म्हणलं, दाजी सांगतील तसं कर.”

अंगणात कोंबड्या त्या खड्याकडं धावल्या आणि परत फिरल्या.

“तुमी त्या परक्या मुलखात जाऊन सांगून आला,” चतुराबाई म्हणाली. “तुमाला सांगाया निदान वैजू हुती. मी कुणाला सांगायचं हुतं?”